‘सातवी टाकी’चे तेवीस अभिप्राय

प्रिय ओवी आणि ईशान,

परवा फोनवर ईशान सांगत होता, "आजी, त्या कादंबरीला मी एकच तारा दिला." मी विचारलं, "का रे?" तर म्हणाला, "बोअर झाली. अर्धीच वाचली." अर्ध्या पुस्तकाचा एक तारा, मग पूर्ण वाचलं असतंस तर दोन दिले असतेस का, असं विचारणार होते, पण तेवढ्यात तुझी बस आली. फोन ठेवल्यावर मला आमचे सर आठवले. त्यांच्यासमोर तू हे बोलला असतास तर ते तुला ओरडले नसते. त्यांनी शांतपणे विचारलं असतं, "कितव्या पानावर सोडलंत? तारीख? त्या दिवशी पोट ठीक होतं?" आणि तिन्ही उत्तरं लिहून घेतली असती.

त्यांच्याबद्दल मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण त्यातला एक भाग सांगायचा नव्हता. आता सर नाहीत, आणि ज्यांच्यापासून तो भाग लपवायचा होता तेही फारसे उरले नाहीत. म्हणून लिहिते.

सर माझे शिक्षक नव्हेत. शिकवायचं काम माझं होतं. शाळेत इंग्रजी शिकवत असे म्हणून ते मला ‘बाई’ म्हणत. लस बनवणाऱ्या एका सरकारी संस्थेत तीस वर्षं सूक्ष्मजंतूंच्या संगतीत काढून ते निवृत्त झाले होते, म्हणून सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. नव्वदच्या दशकात आम्ही बंगळूरच्या मराठी लोकांनी राजाजीनगरात एक वाचनालय चालवलं होतं. एका सदस्याच्या घराची रस्त्याकडची खोली, तीन लोखंडी कपाटं, दर रविवारी सकाळी दहा ते बारा. सर ग्रंथपाल आणि मी नोंदवहीवाली.

बंगळूरच्या हवेत पुस्तकांना बुरशी फार लवकर धरते. सरांचं तिच्याशी जुनं वैर होतं. परत आलेलं पुस्तक ते कधीही थेट कपाटात ठेवत नसत. ते आधी उघडायचं, मध्यावर नाक खुपसून खोल श्वास घ्यायचा, मग जाहीर करायचं, "कॉफी, उदबत्ती आणि स्वल्प मांजर." पुस्तक आणणारी बाई ओशाळून म्हणायची, "मांजर शेजारच्यांचं आहे हो." मग ते पुस्तक आठवडाभर बाहेरच्या पायऱ्यांवर उन्हात. कितीही मागणी असली तरी. एकदा पुण्याहून नव्यानं आलेला एक कॉम्प्युटरवाला मुलगा म्हणाला, "सर, मला तेच हवंय, आजच द्या ना, प्लीज." सर म्हणाले, "ते विलगीकरणात आहे. भेटायचं असेल तर लांबून भेटा." तो बिचारा खरंच पायऱ्यांपाशी जाऊन मुखपृष्ठ बघून आला.

पण त्यांचा खरा कायदा अभिप्रायांचा. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्यांनी खळीनं एका कडेला एक कोरा कागद चिकटवला होता. पुस्तक परत करायचं तर त्यावर आपला वाचक क्रमांक घालून मत लिहायलाच हवं. "वाचलं नाही" हेही मत चालत असे. "छान" चालत नसे. "छान म्हणजे काय? ताप आहे की नाही विचारलं तर तुम्ही ‘छान’ म्हणाल का?" महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे जमायचे आणि सर एका पुस्तकाचे अभिप्राय मोठ्यानं वाचून दाखवायचे, एका सुरात, एकही शब्द न गाळता. त्यावर वाद घालायचा नाही. एकदा लिहिलेलं मत कुणी खोडायचं नाही, लिहिणाऱ्यानंसुद्धा. "मत हा नमुना असतो," ते म्हणायचे, "आणि नमुना धुवायचा नसतो. धुतला की त्यातलं सांगण्यासारखं जे असतं तेच आधी जातं." खोडणाऱ्याचं सदस्यत्व रद्द.

हे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. आमच्या अध्यक्षांनी स्वखर्चानं युरोपचं प्रवासवर्णन छापलं होतं. त्यावर कुणीतरी लिहिलं, "विमानतळांची वर्णने विशेष उत्तम." अध्यक्षांनी ती ओळ निळ्या शाईनं गिरवून टाकली. सरांनी पुढच्याच रविवारी त्यांचं कार्ड मागून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, मी अध्यक्ष आहे!" सर म्हणाले, "अध्यक्ष राहा. वाचक राहू नका." त्यानंतर अध्यक्षांसाठी त्यांची बायको पुस्तकं नेत असे आणि अभिप्रायात प्रामाणिकपणे लिहीत असे, "मी वाचलं नाही. यांनी वाचलं. यांना आवडलं नाही."

अशा माणसानं कादंबरी लिहिली, हे मला प्रुफांचा गठ्ठा हातात पडेपर्यंत खरं वाटलं नाही. नाव ‘सातवी टाकी’. नोकरीवरून काढलेला एक शास्त्रज्ञ शहराला धमकी देतो की पिण्याच्या पाण्याच्या सात टाक्यांपैकी एकीत मी जंतू सोडणार. कुठल्या, ते सांगणार नाही. प्रयोगशाळेतली एक तरुण तपासनीस आणि पाणीपुरवठ्याचा एक उंच इंजिनिअर तीन दिवस शहरभर धावतात. सुरतेच्या प्लेगची आठवण तेव्हा ताजी होती, लोक शिंकसुद्धा दबकत देत. सरांनी एक भारदस्त टोपणनाव घेतलं, बेळगावला दोनशे प्रती छापून घेतल्या आणि एक प्रत गुपचूप आमच्या कपाटात सरकवली.

"नाव का लपवता?" मी विचारलं.

"नाव कळलं की सगळे गोड बोलतील. सगळे नमुने दूषित. मला खरं मत हवंय, बाई. दुसरी लिहायची की नाही, ते त्यावर ठरवणार आहे. वही आणून ठेवली आहे."

आणि प्रुफं देतानाच आणखी एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. "पान एकशे चारवर एक चूक आहे. ती सुधारू नका."

पान एकशे चारवर खलनायक जंतू वाढवतो. मी ते दोनदा वाचलं. मला काही चूक दिसेना, आणि तसं मी म्हणाले.

"दिसू नयेच. पुस्तक कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. लिहिणाऱ्यानं कुलपाचं चित्र काढावं, किल्लीचं नाही."

‘सातवी टाकी’ आमच्याकडे धावत सुटली. एरवी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारे लोकही रांग लावू लागले. कागद भरत चालला. मी नोंदवही लिहीत असे म्हणून मला सगळं आधी वाचायला मिळे. काही अभिप्राय मला अजून पाठ आहेत.

बनशंकरीचे एक निवृत्त इंजिनिअर, वाचक क्रमांक चौदा, आयुष्यभर सरकारी कारखान्यात व्हॉल्व्ह केलेले, त्यांनी लिहिलं: "पान ८७. नायक ज्या पाइपातून रांगतो त्यातून सहा फुटी माणूस जाऊ शकत नाही. नायकाची उंची पान १२ वर दिली आहे. लेखकाने एक तर नायक कापावा, नाही तर पाइप बदलावा."

अक्कांनी लिहिलं: "मुलगी तीन दिवस पळते. एकदाही जेवत नाही. डोसासुद्धा नाही. लेखक पुरुष आहे." अक्का म्हणजे धारवाडकडून येऊन तीन पिढ्या इथे राहिलेल्या घरातल्या वयोवृद्ध बाई. त्यांचं मराठी अर्धं कानडी होतं आणि मत कधीच अर्धं नसे.

पुण्याचा कॉम्प्युटरवाला: "फर्स्ट हाफ स्लो. क्लायमॅक्स जबरदस्त. व्हिलनचं लॉजिक वीक आहे पण डायलॉग्ज भारी." एका नागपूरकरांचा एकोळी अभिप्राय: "खलनायक नागपूरचाच का? निषेध." आणि एका गृहिणीचा: "हे वाचल्यापासून पाणी दोनदा उकळते. गॅस लवकर संपतो. सिलिंडर लेखकाने आणून द्यावा. बाकी कथा चांगली."

मीही लिहिलं. मला लेखक माहीत होता, तरी लिहिलं, आणि चांगलं आठ ओळींचं, सुवाच्य अक्षरात कौतुक लिहिलं. सरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हा नमुना दूषित आहे." मला राग आला. दोन रविवार मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

बाकीचे अभिप्राय मात्र त्यांनी फार गंभीरपणे घेतले. पाइपाचा तर इतका, की बनशंकरीत रस्त्याकडेला जलवाहिनीचे मोठे पाइप येऊन पडले आहेत असं कळताच ते तुमच्या आजोबांना घेऊन तिकडे गेले. आजोबांना वाटलं, ग्रंथपाल म्हणून वाचकाचं म्हणणं तपासताहेत. सरांनी टेपनं व्यास मोजला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पासष्टीच्या वयात पाइपात शिरले. खांदे आत गेले आणि प्रगती थांबली. आजोबा छत्री धरून उभे. एक पोलीस सायकलवरून उतरला, बाहेर आलेल्या दोन पायांकडे बघून विचारू लागला, "एनु सार इदु?" म्हणजे, हे काय चाललंय. आजोबांचं कानडी भाजीपुरतं. ते म्हणाले, "स्वल्प पुस्तक." पोलिसानं आणि आजोबांनी मिळून एकेक पाय धरून सरांना बाहेर काढलं. बाहेर येताच पहिलं वाक्य: "वाचक क्रमांक चौदा बरोबर आहेत."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ‘सातवी टाकी’चं वाचन ठरलं. खोली भरली, लोक दारात उभे. सरांनी नेहमीप्रमाणे स्वतःचा स्टीलचा पेला पाणी भरून टेबलावर ठेवला, शेजारी जंतुनाशकाची बाटली आणि पट्टी. त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि तुम्हाला सांगते, स्वतःच्या पुस्तकावरचा "लेखकाने एक तर नायक कापावा" हा शेरा त्यांनी ज्या सपाट आवाजात वाचला, तसा मला जन्मात वाचता आला नसता. लोक हसत होते. अक्का सरांना ‘अण्णा’ म्हणत; त्या म्हणाल्या, "अण्णा, माझं जरा मोठ्यानं वाच रे." त्यांनी पुन्हा मोठ्यानं वाचलं.

शेवटून दुसरा अभिप्राय वाचक क्रमांक बावीसचा. बावीस म्हणजे इंदिरानगरहून येणारी, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी प्राध्यापिका. सरांच्याच हाताखाली ती काम शिकली होती. ती समोरच बसली होती.

"‘लेखकाला प्रयोगशाळा आतून पाहण्याचा योग आलेला दिसत नाही,’" सर वाचू लागले. "‘पान एकशे चारवरची पद्धत चुकीची आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं असं लिहिलं तर मी त्याला नापास करीन. वाचकांची दिशाभूल होऊ नये म्हणून बरोबर पद्धत खाली देत आहे.’"

आणि ते थांबले.

मी नोंदवहीतून मान वर केली. त्यांचे कान लाल झाले होते. तीस वर्षं ज्या विषयात त्यांची एक चूक कुणी काढली नव्हती, त्यात त्यांना सगळ्यांदेखत नापास केलं होतं. पण थांबण्याचं कारण ते नव्हतं. त्या ओळीखाली सहा ओळी होत्या, क्रमांक घातलेल्या, मोत्यासारख्या अक्षरातल्या.

"पुढे काय आहे रे?" अक्कांनी विचारलं.

"पुढचं अक्षर लागत नाही."

"माझं अक्षर?" प्राध्यापिका हसत उभी राहिली. "सर, संस्थेतली सगळी लेबलं तुम्ही माझ्याकडून लिहून घ्यायचात. द्या, मी वाचते."

सरांनी पुस्तक छातीशी धरलं.

आता हसू ओसरलं. नागपूरकर म्हणाले, "आमचा निषेध तर पुरा वाचला ना जी? मग यांचंच का नाही?" व्हॉल्व्हवाले इंजिनिअर म्हणाले, "सर, नियम तुमचाच आहे. अध्यक्षांना काढलंत तुम्ही याच्यापायी. एक मत दाबलं, तर बाकीच्यांनी इथे खरं कशाला लिहायचं?" दारातून कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे."

सरांना सुटायचं असतं तर एका वाक्यात सुटता आलं असतं. पुस्तक माझं आहे, चूक मुद्दाम केली आहे. मला राहवेना, मी अर्धी उठले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसा, बाई."

मग त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं ब्लेड काढलं. नव्या पुस्तकांची जोडलेली पानं सोडवायला ते नेहमी जवळ ठेवत. टेबलावर पुस्तक उघडलं, पट्टी लावली आणि त्या सहा ओळी चारही बाजूंनी कापून काढल्या. प्रयोगशाळेत वागावं तसं, घाई न करता. तो तुकडा बारीक फाडून स्वतःच्या पेल्यात टाकला, वर जंतुनाशक ओतलं आणि पट्टीनं ढवळलं. पाणी निळं झालं. मग त्यांनी पेन उघडून भोकाखाली एक ओळ लिहिली, आपलं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं.

"बाई, नोंद करा. अभिप्राय नष्ट केल्याबद्दल ग्रंथपालाचं सदस्यत्व रद्द."

"सर, असं कसं..."

"नोंद करा."

मी नोंद केली. माझी नोंदवही व्यवस्थित असे, पण ती ओळ वाकडी गेली आहे. त्यांनी पेला उचलला, बाहेर जाऊन विसळला, पिशवीत टाकला आणि निघून गेले. शेवटचा, तेविसावा अभिप्राय वाचायचा राहिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी मी त्यांच्या घरी गेले, त्यांना परत बोलवायला. सर कॉफी गाळत होते. माझ्यामागून दहा मिनिटांत प्राध्यापिका आली. डोळे सुजलेले, पण राग गेलेला नव्हता.

"सर, चूक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्त करायची, हे मला कुणी शिकवलं?"

"मीच."

"मग?"

"बसा. कॉफी घ्या."

ती बसली नाही. "ते पान मला पाठ झालंय, इतकी चिडले होते मी. काल घरी जाताना सबंध रस्ता तेच घोळवत होते. सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत. एकच चूक. आणि ती अशा ठिकाणी, की तिथे चुकलं की पुढे काहीच उगवत नाही." ती थांबली. "सर, इतकी नेमकी चूक अडाणी माणसाला करता येत नाही."

सरांनी विचारलं, "साखर स्वल्प की नेहमीसारखी?"

ती खुर्चीत बसली आणि तोंडावर हात धरून हसायला लागली, की रडायला, ते मला नीट कळलं नाही. "मी तुम्हाला नापास केलं," ती म्हणाली.

"योग्यच केलंत. उत्तर चूक होतं."

"मी सगळ्यांना सांगते. आजच. तुमचं कार्ड परत मिळायला हवं."

"काय सांगणार?" सर म्हणाले. "की पुस्तक एका जाणकारानं लिहिलंय आणि एक पायरी सोडून सगळं बरोबर आहे? मग त्या एका पायरीचा शोध घ्यायला किती वेळ लागेल?"

सरांनी कॉफी दोन पेल्यांत ओतली, आणि मग माझ्या लक्षात आलं की ते स्वतःसाठी ओतायला विसरले आहेत. एवढाच काय तो त्यांच्यावर परिणाम दिसला. जाताना मी विचारलं, "आणि दुसरी कादंबरी?"

"तेवीस नमुन्यांतले दोन गेले, त्यातला एक आधीच दूषित होता," ते म्हणाले. "निष्कर्ष काढता येणार नाही."

दोन कसे, ते मला घरी येईपर्यंत उमगलं नाही.

वाचनालय चालू राहिलं. व्हॉल्व्हवाले इंजिनिअर ग्रंथपाल झाले. सर पुढच्या रविवारी बरोबर दहाला आले आणि आत न येता पायऱ्यांवर बसले. पुस्तकं उन्हात घालायला सदस्य असावं लागत नाही, असा त्यांचा मुद्दा होता, आणि नियमात तो बसत होता. अक्का आतून ओरडायच्या, "अण्णा, आत ये रे, पुरे झालं!" ते म्हणायचे, "मी सदस्य नाही, अक्का. मला मत नाही." तरी येणारं प्रत्येक पुस्तक लोक आधी त्यांच्याच नाकाखाली धरायचे. काहींनी शेवटपर्यंत त्यांना माफ केलं नाही. नागपूरकर त्यांना ओलांडून आत जायचे. प्राध्यापिका मात्र दर रविवारी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून पुस्तकांची पानं उलटायची. तिनं कुणाला काही सांगितलं नाही, मीही नाही. दुसरी कादंबरी सरांनी लिहिली नाही. वही मी पाहिली आहे. तिच्यात बुरशीच्या नोंदी आहेत.

पुढे खोली गेली, पुस्तकं वाटली गेली. ‘सातवी टाकी’ची ती प्रत मी मागून घेतली. बाकीच्या प्रतींचं काय झालं मला माहीत नाही. दुसरी प्रत मी कुठेही पाहिली नाही.

ती प्रत माझ्या कपाटात वरून दुसऱ्या खणात आहे. पान एकशे चार जसंच्या तसं आहे. अभिप्रायाच्या कागदात चार बोटं उंचीचा, सरळ कडांचा एक चौकोन नाही. त्याच्याखाली सरांची ओळ आहे: "इथला नमुना मी नष्ट केला. तो बरोबर होता." कागदाच्या मागच्या बाजूला त्याच जागी माझं आठ ओळींचं कौतुक होतं, तेही त्याबरोबर गेलं. त्यातले कडेचे दोन शब्द शिल्लक आहेत: "मला पुस्तक".

तुमची आजी